मागे इंजिन असलेल्या किट कारसाठी शांत आणि नजरेत न भरणारा एक्झॉस्ट कसा निवडावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या चासीवर तुम्ही फायबरग्लासची बॉडी बसवून किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडलेली गाडी, तयार करत आहात. इंजिन मागे, हवेने थंड होणारे, १६०० सीसीचे आणि एकाच कार्ब्युरेटरचे आहे. गाडीकडे पाहणाऱ्याला एक्झॉस्ट दिसू नये आणि रात्री उशिरा घरी परतताना कोणाची झोपमोड होऊ नये, यासाठी कोणता सायलेन्सर घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. माझे पहिले सांगणे असे, की सायलेन्सर निवडण्याआधी त्याची जागा निवडा, आणि तीही बॉडी चासीवर कायमची बसवण्याआधी. इतकी वर्षे अशा गाड्यांचे एक्झॉस्ट बांधताना आणि दुरुस्त करताना मी पाहिले आहे, की ज्यांना शेवटी गोंगाट सहन करावा लागला, त्यांतल्या बहुतेकांनी सायलेन्सर वाईट घेतला नव्हता. त्यांनी बॉडी पूर्ण करून, रंग देऊन, मग उरलेल्या फटीत मावेल तो डबा घेतला होता.

इंजिन पुढे असलेल्या गाडीत धुराला मागच्या बंपरापर्यंत तीन मीटर किंवा त्याहून जास्त प्रवास करावा लागतो. त्या वाटेवर वायू थंड होतो, त्याचे धक्के थोडे बोथट होतात आणि फरशीखाली दोन-तीन डबे एकामागून एक बसवायला जागा मिळते. मागे इंजिन असले, की एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून टेलपाइपच्या, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या शेवटच्या नळीच्या, तोंडापर्यंतचे अंतर अनेकदा मीटर-दीड मीटरच्या आत संपते. म्हणजे वायू अजून अतिशय गरम असतानाच, आणि एकाच डब्यात, सगळे काम उरकावे लागते. तुमचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन, म्हणजे सेकंदाला १०० स्फोट होतात. साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला जवळपास ५०० मीटर असतो. त्या हिशेबाने या १०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ५ मीटर भरते. पाच मीटरची लाट हातभर लांबीच्या बारीक नळकांड्यात अडवता येत नाही. तिथे आकारमानच लागते.

सायलेन्सरचे आकारमान इंजिनाच्या क्षमतेच्या किमान दहापट असावे, असा ठोकताळा मी स्वतः वापरतो, आणि शांतता हीच पहिली अट असेल तर त्याहूनही मोठा डबा घेतो. १६०० सीसीला म्हणजे १६ लिटर. दिसायला देखणा म्हणून जो १०० मिलिमीटर व्यासाचा आणि ४०० मिलिमीटर लांबीचा गोल सायलेन्सर बऱ्याच जणांना भुरळ घालतो, त्याचे आकारमान जेमतेम तीन लिटर आहे. याउलट ६०० मिलिमीटर लांब, २२० रुंद आणि १५० उंच असा लंबगोल डबा इंजिनाच्या मागे आडवा बसवला, तर साडेपंधरा लिटर मिळतात. म्हणून जाड पुठ्ठ्याचा हुबेहूब त्या मापाचा नमुना तयार करा, बॉडी तात्पुरती चासीवर ठेवा, आणि तो नमुना इंजिन, मागचा पत्रा, चाके आणि जमीन यांच्यामध्ये फिरवून पाहा. नमुन्याची खालची कड इंजिनाच्या तळापेक्षा खाली येता कामा नये, कारण चढावरून उतरताना किंवा गतिरोधकावर सर्वांत आधी तीच घासते. किट कारची शेपटी मूळ गाडीपेक्षा आखूड असते, हे लक्षात घेता दोन-तीन सेंटिमीटरही मौल्यवान असतात. गरज पडली तर आतला एखादा आधारपत्रा हलवा. साच्यातून नुकत्याच निघालेल्या बॉडीत हे तासाभराचे काम आहे, रंगवलेल्या बॉडीत मात्र आठवड्याचे.

आता एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण दिसण्याच्या हौसेपायी इथेच सर्वाधिक चुका होतात. या इंजिनाचे दोन सिलिंडर एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला असतात, त्यामुळे प्रत्येक बाजूला स्वतंत्र छोटा सायलेन्सर लावून दोन्ही कोपऱ्यांत लपवून टाकावा, अशी कल्पना सहज सुचते. ती शांततेच्या मुळावर येते. या इंजिनाचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरांत स्फोट होण्याचा, क्रम १-४-३-२ असा आहे. १ आणि २ एका बाजूला, ३ आणि ४ दुसऱ्या बाजूला. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, फिरण्याचा हिशेब मांडला, तर १ व २ च्या बाजूने एक धक्का येतो, मग ५४० अंश शांतता, मग दुसरा धक्का आणि त्याच्या मागोमाग १८० अंशांतच पुन्हा पहिला. दुसऱ्या बाजूचेही तसेच. म्हणजे दोन्ही नळ्या वेगळ्या ठेवल्या, की प्रत्येकीतून लंगडत चालल्यासारखा आवाज बाहेर पडतो. ३००० फेऱ्यांना त्यात सेकंदाला २५ वेळा येणारी एक खोल गुरगुर मिसळते, आणि इतका खालचा सूर छोट्या डब्याला आवरत नाही. चारही नळ्या एकत्र आणल्या, तर दर १८० अंशांना एक असे धक्के समान अंतराने येतात, खालचा सूर बराच विरतो आणि सायलेन्सरला १०० हर्ट्झ आणि त्यावरचेच आवाज मुख्यतः हाताळावे लागतात. तेव्हा चार नळ्यांचा एक हेडर (सिलिंडरांतून निघणाऱ्या नळ्या एकत्र आणणारा जोड), त्यापुढे एक मोठा डबा आणि शेवटी एक टेलपाइप, हीच रचना ठेवा. सौंदर्यासाठी दोन तोंडे हवीच असतील, तर ती त्या एकाच डब्यातून काढता येतात.

हे वाचून मूळ गाडीच्या डब्याची आठवण झाली असेल, तर ती योग्यच आहे. बीटलचा मूळ आडवा डबा चारही सिलिंडरांचा धूर एकत्र घेतो आणि त्यातून दोन बारीक टेलपाइप काढतो. इंजिनात काही बदल केले नसतील, तर त्याहून शांत डबा बाजारात शोधून मिळणे कठीण आहे. तुमच्या बॉडीत तो बसत असेल, तर माझी पहिली शिफारस तोच नवा घेऊन लावावा, हीच आहे. टेलपाइप मात्र बॉडीच्या कडेनुसार कापून किंवा वळवून घ्यावे लागतील. त्याचा आणखी एक गुण अनेकांच्या ध्यानातही येत नाही. एका कार्ब्युरेटरच्या या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधले मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळीच्या, खालून एक बारीक नळी जाते, तिच्यातून थोडा गरम धूर फिरतो आणि मॅनिफोल्ड तापतो. मूळ डब्याला या नळीच्या जोडण्या व्यवस्थित दिलेल्या असतात. बाहेरून घेतलेल्या अनेक हेडरांत त्या नसतात, किंवा फ्लँज (बोल्टने जोडायची चपटी कड) असते पण तिच्यामागचे भोक इतके लहान असते, की धूर फिरतच नाही. मग थंड, दमट हवेत मॅनिफोल्डवर दव साचते, कधी बर्फही धरतो, आणि इंजिन अडखळत चालते. मालक दोष कार्ब्युरेटरला देतो आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारे त्यातले बारीक भोक) बदलत बसतो. म्हणून वेगळा हेडर घेणार असाल, तर ही फ्लँज आहे का आणि तिच्या आतले भोक पूर्ण उघडे आहे का, हे दुकानातच बोट घालून तपासा.

डब्याच्या आतली रचना दोन प्रकारची असते. एका प्रकारात सरळ, भोके पाडलेली नळी असते आणि तिच्याभोवती ग्लासवूल किंवा तत्सम तंतू भरलेले असतात. धूर सरळ निघून जातो, तंतू वरच्या सुरांतला आवाज शोषतात, पण खालच्या गुरगुरीला ते फारसे रोखत नाहीत. दुसऱ्या प्रकारात कप्पे आणि आडपडदे असतात. लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना परत फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेला काही प्रमाणात मारते. हा प्रकार खालच्या सुरांवर चांगला चालतो, परंतु वायूला थोडा अडथळा करतो. तुमच्या कामाला कप्प्यांचा मोठा डबा मुख्य असावा. जागा उरली, तर टेलपाइपच्या वाटेवर तंतू भरलेली छोटी नळी जोडावी, म्हणजे उरलेला खरखरीत फुस्स आवाजही जातो. केवळ तंतूंचा सायलेन्सर घेतला, तर पहिल्या दिवशी तो जितका शांत असतो तितका वर्षभराने राहत नाही, कारण मागे इंजिन असल्याने अतिशय गरम वायू थेट त्याच्यावर येतो आणि तंतू जळून, सुटून नळीवाटे बाहेर उडतात. डब्याच्या बाहेरच्या पत्र्याकडेही पाहा. पातळ पत्रा स्वतःच ताशासारखा वाजतो. बोटाच्या पेराने टकटक केल्यावर घुमला, तर तो नको. बद्द आवाज आला, तर पत्रा दुहेरी किंवा पुरेसा जाड आहे.

इतके करूनही प्रवासात एका ठरावीक वेगाला कानात दडे बसवणारी घुमघुम उरू शकते. बंद छताच्या किट कारमध्ये ती जास्त जाणवते. तिच्यावर सर्वांत कमी जागा खाणारा उपाय म्हणजे एक्झॉस्टच्या नळीला जोडलेली, दुसऱ्या टोकाला बंद असलेली एक आंधळी नळी. तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या पाव असली, की आत गेलेली लाट परतताना उलटी होऊन भेटते आणि तो सूर दबतो. १०० हर्ट्झला गरम वायूच्या हिशेबाने सव्वा मीटर येते, परंतु आंधळ्या नळीत धूर वाहत नसल्याने तिथला वायू बराच थंड असतो, ध्वनीचा वेग कमी होतो आणि खरी लांबी मीटर-सव्वा मीटरच्या दरम्यान कुठेतरी निघते. ही नळी सरळच हवी असे नाही, ती डब्याभोवती वळवून नेता येते. मी बंद टोकाला वेल्डिंग करण्याआधी आत सरकणारे बूच क्लॅम्पने धरून ठेवतो, गाडी चालवून दोन-दोन सेंटिमीटरनी ते सरकवतो आणि घुमघुम सर्वांत कमी झाली, की तिथेच पक्के करतो. हा उपाय एकाच सुरावर चालतो. एकूण आवाज मोठा असेल, तर त्याने काही साधत नाही.

नळीच्या व्यासाबाबत थोडक्यात सांगतो. बदल न केलेल्या १६०० ला हेडरच्या नळ्या ३५ ते ३८ मिलिमीटरच्या पुरेत, आणि एकच टेलपाइप असेल तर ४२ ते ४५ मिलिमीटर. याहून मोठ्या नळीने या इंजिनाला शक्ती मिळत नाही, फक्त आवाज मिळतो. टेलपाइपचे तोंड बॉडीच्या कडेच्या किंचित बाहेर आणि थोडे खाली वळलेले ठेवा. वरचे सूर तोंड ज्या दिशेला असेल तिकडे जास्त जातात, त्यामुळे खाली वळवल्याने मागे उभ्या माणसाला फरक जाणवतो. परंतु तोंड सरळ जमिनीकडे केले, तर धूळ उडते आणि आवाज गाडीच्या पोटाखाली परत घुमतो. तीस-चाळीस अंशांचा उतार पुष्कळ झाला. क्रोम टाळा. उष्णता सोसणारा मळकट काळा रंग दिलेला डबा आणि नळी सावलीत मिसळून जातात, आणि चार पावलांवरून तिथे काही आहे हे कळतही नाही.

फायबरच्या बॉडीचा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे. बहुतेक किट कारच्या बॉडीत वापरलेले पॉलिएस्टर रेझिन ८०-१०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि डब्याचा पृष्ठभाग त्याच्या कितीतरी पट तापतो. गाडी चालू असताना वारा उष्णता वाहून नेतो. खरी कसोटी दूरचा प्रवास करून गाडी थांबवल्यानंतरच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत लागते. म्हणून डबा आणि बॉडी यांत किमान ५० मिलिमीटर अंतर ठेवा आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा असा लावा, की त्याच्या दोन्ही बाजूंनी हवा खेळेल. पत्रा थेट बॉडीला चिकटवला, तर तो उष्णता पोचवण्याचेच काम करतो. पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग आणि ड्राइव्हशाफ्टचे रबरी बूट यांच्या बाबतीतही हीच काळजी घ्या.

अंतर मोजताना गाडी उभी असतानाचे माप धरू नका. इंजिन रबरावर टांगलेले असते आणि ते हलते. एका गाडीत टेलपाइप आणि बॉडीतल्या खाचेची कड यांत मालकाने २५ मिलिमीटर जागा सोडली होती आणि ती पुरेशी आहे, असे आम्हा दोघांनाही वाटत होते. मी खाचेच्या चारही बाजूंना मूर्तिकामाच्या मातीचे गोळे लावले, पाइप थंड असतानाच गाडी उतारावर सोडून, गिअर टाकून क्लच झटक्याने सोडला आणि दोनदा रेसचे पेडल दाबून-सोडून गाडी पुन्हा थांबवली. वरचा गोळा दाबला जाऊन ९ मिलिमीटरचा उरला होता. त्यात गरम झाल्यावर होणारी वाढ अजून धरलेलीच नव्हती. ३०४ स्टेनलेसची एक मीटर नळी ५०० अंशांनी तापली, तर साधारण साडेआठ मिलिमीटरनी लांबते. साधे पोलाद सहा-सात मिलिमीटरनी. आम्ही खाच वरून मोठी केली आणि कडेला आतून काळी पट्टी लावली. बाहेरून ती खाच आजही लहानच वाटते.

याच कारणासाठी या इंजिनाचा सगळा एक्झॉस्ट इंजिनालाच टांगलेला राहू द्या, म्हणजे तो इंजिनाबरोबर एकसंध हलतो. डब्याचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे बॉडीला किंवा चासीला घट्ट बोल्टने जोडले, तर आधी फ्लँजजवळ तडा जातो, आणि तडा जाण्याआधीही इंजिनाची थरथर बॉडीत उतरते. फायबरची मोठी, पातळ बॉडी मग वाद्याच्या पोकळ भोपळ्यासारखी वाजू लागते. असा आवाज कितीही महाग सायलेन्सर लावला तरी कमी होत नाही, कारण तो टेलपाइपमधून येतच नसतो. चासीचा आधार घेणे अटळ असेल, तर मध्ये लवचीक बेलो (घड्यांची, वाकणारी नळी) घाला आणि डबा रबरावर टांगा.

शांततेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट आता सांगतो, आणि ती कृपया कोणत्याही कारणाने मागे टाकू नका. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो आणि धूर शेपटीकडे परत ओढला जातो. एक्झॉस्ट लपवण्याच्या नादात टेलपाइपचे तोंड बॉडीच्या आतच संपवले, तर तो धूर इंजिनाच्या कप्प्यात आणि तिथून प्रत्येक भोकातून प्रवाशांच्या बाजूला शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. तोंड बॉडीच्या बाहेर काढा, आणि इंजिनाच्या कप्प्यातून केबिनकडे जाणारी वायरिंग व केबलची सर्व भोके बूच लावून बंद करा. मूळ हीटरचे हीट एक्स्चेंजर (एक्झॉस्टच्या नळीभोवतीची हवा तापवणारे डबे) ठेवणार असाल, तर आतली नळी गंजलेली नाही ना, हे बाहेर काढून तपासा. ती झिजली, तर हीटर उघडताच धूर थेट केबिनमध्ये येतो. हीटर नको असेल, तर त्यांच्या जागी साध्या नळ्या लावता येतात, पण मग इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या पूर्ण आहेत, हे पाहा. या इंजिनाचा पंखा वरच्या बाजूची हवा ओढतो. खाली असलेल्या एक्झॉस्टची गरम हवा फटींतून वर गेली, तर इंजिन तीच पुन्हा ओढते आणि तापत जाते.

धातूबद्दल माझे मत असे. लहान अंतरासाठी वारंवार वापरली जाणारी गाडी असेल, तर स्टेनलेस घ्या. एक लिटर पेट्रोल जळले, की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, आणि डबा पुरता तापण्याआधीच इंजिन बंद झाले, की त्यातले बरेचसे डब्यात साचते. साध्या पोलादाचा डबा बाहेरून नव्हे, आतून गंजतो. कोणताही डबा घेतला, तरी त्याच्या सर्वांत खालच्या जागी तीन मिलिमीटरचे एक भोक असावे. आवाजावर त्याचा परिणाम जाणवत नाही, आयुष्यावर जाणवतो. हेडरवर कापडी पट्टी गुंडाळण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. ती पट्टी ओल धरून ठेवते, म्हणून साध्या पोलादावर मी ती लावत नाही. सिरॅमिकचा लेप हे काम नीट करतो.

बसवून झाल्यावर आवाज मोजा, अंदाजावर सोडू नका. उभ्या गाडीच्या मोजणीची आयएसओ ५१३० ही पद्धत घरीही बऱ्यापैकी पाळता येते. मापक टेलपाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, प्रवाहाच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करून, तोंडाच्या उंचीवर पण जमिनीपासून किमान २० सेंटिमीटर वर धरायचे. तुमच्यासारख्या इंजिनाला कमाल शक्ती ज्या वेगाला मिळते, त्याच्या पाऊणपट वेगावर ते स्थिर ठेवायचे. मूळ १६०० ला कमाल शक्ती ४००० फेऱ्यांच्या आसपास मिळते, म्हणजे मोजणी ३००० वर. नोंदणीसाठी लागणारी मर्यादा त्या-त्या ठिकाणच्या नियमांत पाहून घ्या, आणि तिच्याखाली तीन-चार डेसिबल राखून ठेवा. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठा आवाज वाटते, हेही लक्षात असू द्या.

मोजणी अपेक्षेपेक्षा जास्त आली, तर सायलेन्सर बदलण्याआधी दोन गोष्टी पाहा. थंड इंजिन सुरू करून लगेच, नळ्या तापण्याआधी, प्रत्येक फ्लँजजवळून हात फिरवा. टिकटिक ऐकू आली आणि हाताला फुंकर जाणवली, तर गॅस्केट गळते आहे. नंतर एअर फिल्टरकडे वळा. मागे इंजिन असलेल्या गाडीत इनटेकचे तोंडही ड्रायव्हरच्या डोक्यामागेच असते, आणि उघड्या छोट्या फिल्टरमधून येणारी घरघर भलेभले एक्झॉस्टची समजतात. मूळचा बंद डब्याचा फिल्टर परत लावून एक फेरी मारली, की खरा दोषी कोण हे कळते.

पुढे कधी या जागी पाण्याने थंड होणारे सुबारूचे चार सिलिंडरांचे इंजिन बसवले, तर त्याच्या असमान लांबीच्या हेडरमुळेही तशीच लंगडती गुरगुर येते, आणि तिथे समान लांबीच्या नळ्या हाच उपाय आहे. मोटरसायकलचे इंजिन असेल, तर गणित उलटते. चार सिलिंडर ९००० फेऱ्यांना सेकंदाला ३०० स्फोट करतात, सूर वर जातो, तंतूंचा सायलेन्सर तिथे उपयोगी ठरतो आणि तंतू ठरावीक काळाने बदलावे लागतात.

मूळ डब्याऐवजी दुसरा काही लावलात, तर कार्ब्युरेटरचे मिश्रण पुन्हा तपासावे लागेल. त्यासाठी हेडरच्या चार नळ्या एकत्र येतात त्याच्या थोडे पुढे लॅम्ब्डा सेन्सरची, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची, बैठक आताच वेल्ड करून घ्या. ती आडव्या रेषेपेक्षा किमान दहा अंश वर असू द्या, म्हणजे सेन्सरमध्ये पाणी साचणार नाही. त्याच्या आधीचा कोणताही जॉइंट गळत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण आहे त्याहून फिके, म्हणजे कमी पेट्रोलचे, दाखवले जाते, म्हणून जॉइंट आधी, जेट नंतर. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळा आणि फ्लँजच्या कडांवर काजळीची रेघ उमटली आहे का, ते टॉर्च घेऊन पाहा.